वाढदिवसाचा शनिवार-रविवार ग्वाल्हेरला: तानसेन समारोह कसा आहे, कसा ऐकावा

गाणं ऐकणाऱ्या माणसाला वाढदिवसाची भेट म्हणून ग्वाल्हेरच्या दोन रात्री द्यायच्या असतील, तर तारीख डिसेंबरातली धरा. वाढदिवस ऑगस्टात असला तरी. युनेस्कोने 2023 मध्ये ग्वाल्हेरला संगीताचं सर्जनशील शहर म्हणून निवडल्यापासून बरेच पाहुणे वर्षभर येतात आणि संध्याकाळी विचारतात, "आज गाणं कुठे आहे?" बहुतेक संध्याकाळी ते कुठेच नसतं. इथे रोज रात्री गाणं रंगेल अशी ठिकाणं नाहीत. गाणं आहे ते घरांत, शाळांत आणि वर्षातून एकदा तानसेनाच्या समाधीपाशी. ही एक गोष्ट नीट समजून आलात तर शहर भरभरून देतं, नाहीतर किल्ला आणि महाल बघून परत जाता.

म्हणून हे परीक्षण मुख्यतः तानसेन समारोहाचं आहे. बाकीचं त्याच्या आजूबाजूने.

समारोहाची सुरुवात 1924 सालची, आणि डिसेंबर 2024 मध्ये त्याचं शंभरावं पर्व झालं. भरवतं मध्य प्रदेश शासनाचं संस्कृती खातं, उस्ताद अलाउद्दीन खाँ संगीत एवं कला अकादमीमार्फत. जागा हजिरा भागातली: सूफी संत मुहम्मद गौस यांच्या मकबऱ्याची बाग, त्याच आवारात तानसेनाची छोटी, चारी बाजूंनी मोकळी छत्रीसारखी समाधी. गौसांचा मकबरा भला मोठा, भिंतीभर दगडी जाळ्या. तानसेनाचा त्याच्यापुढे इतका साधा की पहिल्यांदा येणारा विचारतो, "हाच?" शेजारी चिंचेचं झाड आहे. त्याची पानं चावली की गळा गोड होतो अशी गाणाऱ्यांची श्रद्धा. जुनं झाड गेलं, आताचं नंतरचं आहे, त्यामुळे पानं ओरबाडू नका. खाली पडलेलं एखादं उचला.

प्रवेश विनामूल्य आहे. तिकीट नाही. पुढच्या काही रांगा निमंत्रितांच्या, त्यामागे कोणीही बसावं.

पहिल्या दिवसाची सकाळ चुकवू नका, हे आम्ही प्रत्येकाला सांगतो आणि तरी निम्मे पाहुणे ती झोपेत घालवतात. त्या सकाळी मोठा कलाकार नसतो, पण समारोहाचा प्राण तिथे आहे. सनई वाजते, मग शहराच्या लष्कर नावाच्या भागातल्या ढोलीबुवा मठाचे महाराज समाधीपाशी हरिकथा करतात, त्यानंतर मिलाद, म्हणजे पैगंबरांचं स्तुतिगान, होतो आणि चादर चढते. महाराष्ट्रातून आलेल्याला कीर्तन नवं नसतं. मजारीजवळ उभं राहून केलेली हरिकथा आणि लगेच त्याच जागी मिलाद, हे मात्र दुसरीकडे सहज मिळणार नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांची एकसष्टी किंवा पंचाहत्तरी असेल, तर त्यांना या सकाळी तिथे नेऊन बसवा.

सभा सकाळच्या आणि संध्याकाळच्या. प्रत्येक सभेची सुरुवात शहरातल्या एखाद्या संगीत विद्यालयाच्या विद्यार्थ्यांच्या ध्रुपदाने होते. लोक या ध्रुपदाला गंभीरपणे घेत नाहीत, उशिरा येतात, खुर्च्या सरकवतात. ही मोठी चूक. राजा मानसिंह तोमर (1486–1516) याच्या दरबारात ज्या गायकीला आश्रय मिळाला, तिची ओळख करून घ्यायला वीस-पंचवीस मिनिटं पुरतात. आणि ते सामूहिक असल्याने नवख्या कानालाही बारा मात्रांचा चौताल हाताच्या टाळीवर सहज धरता येतो. पखवाजाकडे लक्ष ठेवा. डाव्या तोंडावर ओली कणीक लावतात, तिच्यामुळे तो घुमारा येतो. थंडीत कणीक लवकर कडक होते, म्हणून वादक मध्येच ओल्या बोटांनी ती दाबताना दिसेल.

मग तीन-चार कलाकार. संध्याकाळची सभा मध्यरात्रीच्या पुढेही जाते, आणि ज्यांच्यासाठी आलात ते बहुधा शेवटी बसतात. नऊ वाजता भूक लागली म्हणून उठून गेलेला माणूस सभेचा सगळ्यात चांगला तास गमावतो. उपाय सोपा: साडेपाचला पोटभर खा, जवळ शेंगदाणे, गजक आणि थर्मासमध्ये चहा ठेवा. गर्दीतून उठायचं असेल तर दोन रागांच्या मध्ये उठा, विलंबितात, म्हणजे संथ लयीच्या भागात, नाही.

बसायची जागा. मधोमध, मंचापासून साधारण एक तृतीयांश अंतरावर. दोन्ही बाजूंच्या स्पीकरांपासून सारखं अंतर राहिलं की तंबोरा ऐकू येतो. पुढे जाण्याच्या नादात एका कोपऱ्यातल्या स्पीकरसमोर बसलात तर तबला कानात आदळेल आणि गळ्याचं बारीक काम हरवेल. मांडवाच्या कडेलाही नको. डिसेंबरात रात्री दव पडतं, कडेची सतरंजी अकरा वाजेपर्यंत ओली होते. पारा रात्री सहा-सात अंशांपर्यंत उतरतो आणि जमिनीवर बसल्याने गारवा खालून चढतो. पुण्या-मुंबईचे लोक स्वेटर आणतात आणि मोजे विसरतात. लोकरीचे मोजे दोन जोड, कानटोपी, शाल, आणि बुडाखाली घालायला जाड घोंगडी किंवा घडीची चटई. गुडघे दुखणाऱ्यांनी सरळ मागे खुर्चीवर बसावं, ऐकण्यात काही कमी होत नाही.

याच थंडीमुळे आणखी एक गोष्ट घडते. गारव्याने तारा आखडतात आणि सूर चढतो, दमट हवेने तबल्याची पुडी, म्हणजे वरचं चामडं, ढिली पडते आणि सूर उतरतो. दोन्ही वाद्यं एकमेकांपासून दूर जातात. त्यामुळे इथे कलाकार जुळवण्यात इतर शहरांपेक्षा जास्त वेळ घेतात, सतार-सरोदवाले तर एका रागात दोनदा थांबतात. मागून "सुरू करा" असा आवाज येतो तेव्हा वाईट वाटतं. ती दहा मिनिटं देऊन टाका. जुळलेल्या तंबोऱ्यावर लागलेला पहिला षड्ज (सा) त्या दहा मिनिटांची भरपाई करतो.

काय ऐकायचं, हे थोडं सांगायला हवं, कारण मराठी श्रोत्याचं या शहराशी नातं आहे आणि ते अनेकांना ठाऊक नसतं. महाराष्ट्रात ख्याल, म्हणजे आज मैफलीत मुख्यतः गातात तो प्रकार, रुजला त्याची मुळं इथे आहेत. हस्सू खाँ–हद्दू खाँ या भावांनी ग्वाल्हेरच्या दरबारात ख्यालाला घडवलं. हस्सू खाँचे शिष्य वासुदेवबुवा जोशी, त्यांच्याकडे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (1849–1926) शिकले आणि विद्या घेऊन दक्षिणेत आले. बाळकृष्णबुवांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर. म्हणजे पुण्या-मिरजेच्या क्लासमध्ये गायलेल्या यमनाची वाट मागे जात जात लष्करच्या वाड्यांपर्यंत पोचते. इकडे राहिलेली शाखा शंकरराव पंडित आणि कृष्णराव शंकर पंडित (1893–1989) यांची. कृष्णरावांनी 1914 मध्ये वडिलांच्या नावाने शंकर गांधर्व महाविद्यालय काढलं. 1918 मध्ये संगीतशास्त्रज्ञ भातखंड्यांच्या मार्गदर्शनाखाली माधव संगीत महाविद्यालय सुरू झालं. गायक राजाभैया पूछवाले तिथलेच. समारोहात या शाळांची मुलं गातात तेव्हा निवेदक नाव घेतो, ते कान देऊन ऐका.

मंचावर ग्वाल्हेर घराण्याचा गायक असेल तर ओळखायची खूण अशी: ख्याल सुरू करताना तो अस्ताई आणि अंतरा हे बंदिशीचे दोन्ही भाग पूर्ण गाऊन ती आधी समोर ठेवतो, मग बढत, म्हणजे रागाचा विस्तार. बरेच गायक अस्ताईचा मुखडा धरून अर्धा तास आलापतात. इथे तसं नाही. बंदिश हाच नकाशा. राग प्रसिद्ध आणि सरळ घेतात: यमन, भूप, हमीर, केदार, कामोद, छायानट, सकाळी अल्हैया बिलावल, दुपारी गौड सारंग. विलंबित अतिविलंबित नसतं, तिलवाडा तालाच्या सोळा मात्रा तुम्हीही मोजू शकाल इतक्या अंतरावर पडतात. आणि सरळ-सपाट तान, खालून वर गेलेली जिन्यासारखी. शेवटी टप्पा आला तर सावरून बसा. टप्प्यात शब्द थोडे आणि ताना तुकड्यातुकड्यांनी उसळतात. टप्पा गाणारे आता कमी आहेत आणि इथे तो अजून ऐकायला मिळतो.

आता उणिवा. स्वच्छतागृहांची सोय गर्दीच्या मानाने कमी पडते, बायकांची जास्तच. संध्याकाळी हॉटेलवरून निघतानाच आटोपून घ्या. सत्कार आणि भाषणांनी उद्घाटनाची सभा लांबते, पहिल्या संध्याकाळी खरं गाणं उशिरा सुरू होतं असं धरूनच चला. मोबाईलवर चित्रण करणारे हात समोर येतात. आणि परतीची रिक्षा ही खरी अडचण आहे: मध्यरात्रीनंतर हजिऱ्याला वाहन मिळेलच असं नाही, मिळालं तर मागेल तो भाव. जाताना ज्या रिक्षाने जाता तिच्याशीच परतीचं आणि थांबण्याचं ठरवा, नंबर घ्या, अर्धे पैसे परतल्यावर द्या.

गाण्याला पैकीच्या पैकी गुण. बसण्याच्या आणि सोयीच्या खात्यात पाचपैकी तीन, त्याहून जास्त देता येत नाहीत.

वाढदिवसाचं म्हणून एक महत्त्वाचं: कलाकाराकडे चिठ्ठी पाठवू नका. "आज आमच्या बाबांचा वाढदिवस, अमुक राग गा" अशा चिठ्ठ्या येतात आणि गाणाऱ्याची तंद्री मोडते. औक्षण सकाळी खोलीवर करा. त्यातही एक खुबी आहे. इथे डिसेंबरात तूप दगडासारखं थिजतं, घरून आणलेल्या डबीतून निरांजनात ते ओतलं जात नाही आणि फुलवात कोरडीच जळून विझते. वाती आदल्या रात्री पातळ तुपात बुडवून ठेवा, तूप थिजलं की वात त्यातच बसते आणि सकाळी लगेच पेटते. डबी पाच मिनिटं गरम पाण्याच्या पेल्यात धरली तरी चालतं. हॉटेलच्या छताला धुराची घंटा असेल तर तिच्या खाली ओवाळू नका. खिडकीशी करा.

केक शोधत फिरण्यापेक्षा गजक आणा. मुरैना जवळच, तिथल्या गजकाला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ग्वाल्हेरचीही त्याच घडणीची. गुळाचा किंवा साखरेचा पाक खुंटीला टांगून ओढतात, रंग फिका आणि अंग तंतूतंतू होईपर्यंत, मग भाजलेले तीळ घालून लाकडी मोगरीने कुटतात, लाटतात, कापतात. चांगली गजक ओळखायची तर तुकडा मोडून बघा: कडेला पापुद्रे दिसले पाहिजेत आणि दातांखाली खुसखुशीत विरघळली पाहिजे. दाताला चिकटली म्हणजे पाक कमी शिजला किंवा माल हवेला उघडा राहिला. मुंबईला नेणार असाल तर घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा आणा. पुठ्ठ्याच्या खोक्यातली गजक आपल्याकडच्या दमट हवेत दोन दिवसांत मऊ पडते.

सकाळचं खाणं बाड्यावर. महाराज बाडा म्हणजे आपला वाडाच, पण रिक्षावाल्याला "बाडा" असंच सांगा. गरम बेडई (डाळीचं सारण भरलेली पुरी), तिच्यावर पातळ, हिंगाचा घमघमाट असलेली बटाट्याची भाजी आणि बरोबर जिलबी. नऊच्या आत जा, दहानंतर बेडई थंड झालेली असते. पोट हलकं ठेवायचं असेल तर पोहे सगळीकडे मिळतात. तिथून पायी निघालात तर दाणाओळी, पाटणकर बाजार, खासगी बाजार, फालका बाजार अशी नावं एकामागून एक लागतात. पाट्या हिंदीत आणि नावं आपली. जीवाजीगंजातलं सरोदघर इथून जवळ आहे. उस्ताद हाफिज अली खाँ यांचं हे वडिलोपार्जित घर, अमजद अली खाँ यांचा जन्मही ग्वाल्हेरचाच, 1945 चा. आता तिथे जुन्या वाद्यांचं संग्रहालय आहे. लहान आहे, पण रबाबापासून सरोद कसा झाला हे वाद्यं शेजारी शेजारी ठेवल्याने डोळ्यांनाच समजतं: चामड्याचं तोंड तेच राहिलं, लाकडी पट्टीच्या जागी धातूची आली, म्हणून नख घासत गेल्यावर मींड, म्हणजे घसरत जाणारा सूर, लांब टिकते. एक तास द्या. इथे घाई करू नका.

किल्ल्यासाठी सभेच्या मधली दुपार पुरते, फक्त वाट नीट निवडायला हवी. हजिऱ्याच्या बाजूचा पूर्वेचा दरवाजा समाधीपासून जवळ. पायथ्याशीच गुजरी महाल आणि त्यातलं पुरातत्त्व संग्रहालय. ते सोमवारी बंद असतं. तिथली ग्यारसपूरची शालभंजिका ही मूर्ती बघितल्याशिवाय वर जाऊ नये. मग चढ. फरसबंदीची वाट आहे पण उतार तीव्र, वयस्कांना दम लागतो. वाटेत कड्यात कोरलेलं चतुर्भुज मंदिर आहे, त्यातल्या 876 सालच्या शिलालेखात देवाच्या बागेची 270 हात लांबी आणि रोजच्या 50 माळा नोंदवल्या आहेत, आणि त्या दोन्ही आकड्यांत शून्य स्पष्ट कोरलेलं आहे. ज्यांना चढ झेपणार नाही त्यांनी पश्चिमेच्या उरवाई दरवाजाने गाडी करून जावं. रिक्षावाले बहुधा खालीच सोडतात, म्हणून गाडीच ठरवा. वर मानमंदिर या महालाच्या भिंतीवरची निळ्या-पिवळ्या फरश्यांची बदकं उन्हात बघायची, म्हणून तीनच्या सुमारास पोचा. सास-बहू आणि तेली का मंदिर त्याच फेरीत होतात. संध्याकाळचा ध्वनिप्रकाशाचा खेळ समारोहाच्या दिवसांत सोडून द्या. तो वर्षभर असतो, सभा पाचच दिवस.

जयविलास महाल बघण्यासारखा आहे. 1874 चं बांधकाम, साडेतीन-साडेतीन टनांची दोन झुंबरं, जेवणाच्या टेबलावरून फिरणारी चांदीची आगगाडी. दोन तासांत होतो. समारोहाची सकाळची सभा आणि महाल यांत निवड करायची वेळ आली, तर सभा.

बेहट हे तानसेनाचं जन्मगाव, ग्वाल्हेरहून पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास. समारोहाची एक सभा तिथे झिलमिल नदीकाठी होते. महादेवाचं कललेलं देऊळ आहे, तानसेनाच्या गाण्याने ते झुकलं अशी आख्यायिका. दोनच दिवस असतील तर बेहट सोडा, तिसरा असेल तर नक्की जा. गर्दी कमी, गावकरी घोंगड्या पांघरून बसलेले, मंच अगदी जवळ.

प्रवासाचं. तारखा दर वर्षी सारख्या नसतात. 2024 मध्ये 15 ते 19 डिसेंबर होत्या, त्याच्या आदल्या वर्षी नाताळाच्या आठवड्यात. पाच दिवसांतला शनिवार-रविवार कुठे पडतो ते बघून आखणी करा. रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी खुलतं, त्यामुळे संभाव्य दोन आठवड्यांपैकी एकाचं तिकीट काढून ठेवून पुढे बदलावं लागू शकतं. मुंबईहून पंजाब मेल, पुण्याहून झेलम किंवा गोवा एक्सप्रेस, प्रवास वीस तासांच्या आगेमागे. वेळ कमी असेल तर विमानाने दिल्ली आणि तिथून वंदे भारत किंवा गतिमान, सव्वातीन-साडेतीन तास. डिसेंबराच्या शेवटी धुकं दाटतं आणि दिल्लीकडून येणाऱ्या गाड्या तासन्‌तास रखडतात. म्हणून सभेच्या दिवशीच पोचायचं ठरवू नका, आदल्या रात्री या. आणि परतीला सोमवारी सकाळी कचेरी गाठायचा हट्ट नको.

मुक्काम स्टेशन, गांधी रोड किंवा सिटी सेंटरकडे घ्या. लष्करच्या गल्ल्यांत राहायला मजा येते, पण रात्री दीड वाजता तिथून हजिरा लांब पडतो. खोली घेताना एवढंच विचारा: पहाटे गरम पाणी येतं का, आणि रात्री दोनला दार कोण उघडतं. "चोवीस तास गरम पाणी" या पाटीवर विसंबू नका. सौर बंबाचं पाणी धुक्याच्या दिवशी कोमट येतं, गिझर खोलीतच आहे ना हे बघा.

डिसेंबर जमतच नसेल तर दुसरा मार्ग घरगुती बैठकीचा. गावातल्या एखाद्या संगीत विद्यालयाच्या शिक्षकांमार्फत गायक, तबला, संवादिनी आणि तंबोरा एवढा संच जुळवता येतो. पंधरा-वीस माणसं, साधारण पंधरा बाय वीस फुटांची खोली, ध्वनिक्षेपक नको, पंखा बंद, खाली गादी आणि चादर. बिदागी सगळ्यांची आधी ठरवा आणि साथीदारांची पाकिटं वेगळी करा, गायकाच्या हातात एकच रक्कम देऊन वाटणी त्याच्यावर टाकू नका. तास-दीड तास एक ख्याल आणि तराणा, मग चहा, मग अर्धा तास टप्पा, शेवटी भैरवी. खाणं गाण्याच्या आधी किंवा नंतर, मध्ये ताटांचा आवाज नको. फेब्रुवारी-मार्च याला उत्तम. एप्रिल ते जून इथे पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो, त्या दिवसांत कोणाचाही वाढदिवस इथे ठरवू नका.